एक आखाडा, दोन विद्या

वर्धा हे नाव उच्चारले की सेवाग्रामची बापूकुटी, धाम नदीकाठचा पवनारचा आश्रम आणि सूतकताई यांचीच आठवण प्रथम होते. अहिंसेच्या या भूमीत लाठी, कुस्ती किंवा कराटे यांची चर्चा काहीशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९३६ हे एकच वर्ष पाहिले तरी ते ध्यानात येते. त्या वर्षी ३० एप्रिलला महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच सेगाव पुढे सेवाग्राम झाले. त्याच वर्षीच्या विजयादशमीला, म्हणजे २५ ऑक्टोबरला, वर्धा शहरात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि स्त्रियांनी लाठी व छुरिका चालविण्याचे, योगासनांचे आणि कवायतीचे शिक्षण एकाच मैदानावर घेण्याची प्रथा तेथे सुरू झाली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करीत होता. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांच्या दहा खंडी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे प्रकाशनही बडोद्याहून याच वर्षी सुरू झाले.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती. कोणीही केवळ एकच विद्या शिकत नव्हते. कुस्ती करणारा मल्लखांबावर चढत होता, लाठी फिरविणारा फरी-गदका खेळत होता. आज मात्र हाच प्रश्न शहरातील आई-वडिलांपुढे अडचण म्हणून उभा राहतो. मुलगी कराटेच्या वर्गाला जाते, आता शाळेत तायक्वांदो सुरू झाले; दोन्ही चालू ठेवावे काय? मुलगा कुस्ती करतो, प्रशिक्षक जुदोही कर म्हणतात. त्याने ऐकावे काय? 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी अवस्था तर होणार नाही ना? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणत्या दोन विद्या, कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने आणि आठवड्यातून किती तास, यांवर ते अवलंबून आहे.

जुन्या आखाड्याची रीत

आपल्याकडील आखाड्यात किंवा तालमीत दिवस जोर-बैठकांनी सुरू होई. करेल व जोडी फिरविणे, मल्लखांब आणि मग हौद्यातील मातीत कुस्ती असा मेहनतीचा क्रम असे. जेथे शस्त्रविद्या शिकविली जाई तेथे लाठी, बोथाटी, फरी-गदका, जंबिया, विटा आणि दांडपट्टा यांचा सराव चाले. वरवर पाहता ही विद्यांची गर्दी दिसते. परंतु वस्तादाच्या मनात या गर्दीला एक मांडणी होती. त्यातील एक विद्या मुख्य असे आणि बाकीच्या तिला पूरक असत.

मल्लखांबाची कथा याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आढळतो. पुढे लोप पावलेल्या या प्रकाराचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी केले असे मानले जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या दोन मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले, बाळंभटदादांनी तयारीसाठी मुदत मागितली, खांबावर सराव केला आणि अलीला चीत केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील तर्क पक्का आहे. खांब हा कधी न थकणारा जोडीदार आहे. त्याला मिठी मारता येते, त्याच्यावर अढी घालता येते, त्याच्याभोवती फिरकी घेता येते. त्यातून मिळणारी पकड, मांड्यांतील जोर आणि उलटे झाल्यावरही न सुटणारे भान हे सगळे कुस्तीत कामी येते. म्हणजे बाळंभटदादा दोन विद्या शिकले खरे. पण त्यांतील एक दुसरीच्या सेवेला होती.

शस्त्रांच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. फरी-गदका हा ढाल-तलवारीचा सुरक्षित सराव आहे; एका हातात चामड्याची फरी आणि दुसऱ्या हातात तलवारीऐवजी गदका. बोथाटी म्हणजे भाल्याचे बोथट रूप. लाठी फिरविताना मनगट, खांदा आणि पायांची जी लय बसते ती पट्टा हाती घेताना उपयोगी पडते. दांडपट्ट्याचे पाते लांब व लवचिक आणि मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी असते. चुकीच्या सवयीने हे शस्त्र चालविणाऱ्यालाच इजा होऊ शकते, म्हणून ते नवशिक्याच्या हाती येत नसे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

केरळच्या कळरीपयट्टूमध्ये तर हा क्रम शिक्षणपद्धतीतच लिहिला गेला आहे. आधी मेय्तारी म्हणजे देहाची घडण, मग कोल्तारी म्हणजे लाकडी आयुधे, त्यानंतर अंकतारी म्हणजे धातूची शस्त्रे आणि शेवटी वेरुंकै म्हणजे रिकाम्या हातांची लढत. पायऱ्या चार आहेत, पण जिना एकच आहे.

जपानचा दाखला

दोन विद्या एकत्र करून तिसरी घडविणाऱ्यांमध्ये जगात सर्वांत गाजलेले नाव जिगोरो कानो यांचे. जुदोचे हे प्रवर्तक १८६० मध्ये जन्मले. १८७७ मध्ये त्यांनी तेन्जिन शिन्यो-र्यू या जुजुत्सूच्या घराण्यात शिक्षणास आरंभ केला. पकडी, जखडणे आणि गळा आवळण्याचे डाव ही या घराण्याची ताकद होती. १८८१ च्या सुमारास ते कितो-र्यू या दुसऱ्या घराण्याकडे वळले. प्रतिस्पर्ध्याचा तोल बिघडवून त्याला फेकणे हे त्याचे वैशिष्ट्य. १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि जुदोचा जन्म झाला.

या तारखा ध्यानपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट दिसते. कानो यांनी दोन्ही घराण्यांत एकाच दिवशी पाऊल टाकले नाही. पहिल्या विद्येत सुमारे चार वर्षे घालवून, तिचे अंतरंग कळल्यावर त्यांनी दुसरी हाती घेतली. त्यामुळे दुसरीत नवे काय आहे आणि पहिलीत उणे काय आहे, हे त्यांना ओळखता आले. पहिलीच पक्की नसती, तर दोहोंतील फरक दिसलाच नसता.

विद्यांची देवाणघेवाण जपानमध्ये पुढेही चालू राहिली. ओकिनावाहून आलेले गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये कोदोकानमध्ये कराटेचे प्रात्यक्षिक केले, आणि आज कराटेची म्हणून ओळखली जाणारी पांढरी पोशाखाची व पट्ट्यांच्या दर्जाची पद्धत जुदोकडूनच आली. भारताशीही या प्रवाहाचा संबंध आला. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी हे जुदोचे शिक्षक शांतिनिकेतनात आले होते.

अंगवळणी पडणे म्हणजे काय

मराठीत 'अंगवळणी पडणे' असा फार नेमका शब्दप्रयोग आहे. युद्धकलेचे सारे शिक्षण त्यात सामावले आहे. समोरून हल्ला आला की विचार करावयास वेळ नसतो. शरीर जे हजारदा करीत आले तेच ते करते. म्हणूनच दोन विद्या एकत्र शिकताना खरा प्रश्न वेळेचा नसून सवयींचा असतो. दोन्ही विद्या एकाच प्रसंगी शरीराला एकच आज्ञा देत असतील, तर एकीचा सराव दुसरीला उपकारक ठरतो. त्या परस्परविरुद्ध आज्ञा देत असतील, तर दोन्ही कच्च्या राहतात. क्रीडामानसशास्त्रातही हे तत्त्व मान्य आहे: परिस्थिती सारखी, पण अपेक्षित कृती वेगळी, अशा वेळी जुनी सवय नव्या शिक्षणात सर्वाधिक अडथळा आणते.

कराटे आणि तायक्वांदो हे याचे उत्तम उदाहरण आहे. पालकांना वाटते, दोन्हींत ठोसे व लाथाच आहेत, पोशाखही सारखाच, मग दोन्ही एकत्र करणे सोपे. वस्तुस्थिती उलट आहे. तायक्वांदो घडविणाऱ्या कोरियातील अनेक आद्य शिक्षकांनी जपानी कराटेचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे दोहोंत भावकीचे नाते आहे आणि भांडण भावकीतच अधिक होते. तायक्वांदोच्या ऑलिंपिक पद्धतीच्या लढतीत छातीला संरक्षक कवच असते, प्रहार जोराने पोहोचवावा लागतो, लाथेला ठोशापेक्षा अधिक गुण मिळतात आणि चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई आहे. परिणामी खेळाडू हात खाली ठेवून, पावले मोकळी ठेवून लढतो. कराटेच्या प्रचलित कुमिते प्रकारात मात्र चेहऱ्याकडे जाणाऱ्या ठोशाला गुण आहे आणि तो ठोसा नियंत्रणात ठेवावा लागतो. जोराने लागला तर दंड होतो. हात खाली ठेवण्याची सवय घेऊन कराटेत उतरलेला मुलगा तोंडावर मार खातो. प्रहार पोहोचविण्याची सवय लागलेला मुलगा तेथे दंड ओढवून घेतो. नवशिक्या वयात ही दोन शिस्ती एकाच आठवड्यात शिकविणे म्हणजे एकाच हाताला 'मार' आणि 'थांब' असे दोन हुकूम एकदम देणे होय.

कुस्ती आणि जुदो यांची जोडी तुलनेने चांगली जमते. धोबीपछाडीत पैलवान प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून आपटतो; जुदोतील 'सेओइ-नागे' ही फेक तिची सख्खी बहीण शोभेल. तोल हेरणे, पकड तोडणे, अंगाखाली शिरणे या गोष्टी दोहोंत आहेत. परंतु येथेही एक खड्डा आहे. पैलवानाचे पहिले शस्त्र म्हणजे पट काढणे, म्हणजे खाली वाकून पाय धरणे. आंतरराष्ट्रीय जुदो महासंघाने २०१० पासून पायांना थेट हात घालण्यावर कडक निर्बंध आणले आणि २०१३ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. त्यामुळे जुदोत गेलेल्या पैलवानाला आपला सर्वांत भरवशाचा डाव विसरावा लागतो, आणि कुस्तीत आलेल्या जुदोपटूला पट वाचविण्याची सवयच नसते. अंगावर धरावयास जाड सदरा नसल्याने त्याचे हात रिकामे पडतात ते वेगळेच.

माती आणि गादी: देवळीपासून हेलसिंकीपर्यंत

दोन विद्यांचा सर्वांत जवळचा मराठी अनुभव मात्र परदेशी कलांचा नाही. तो माती आणि गादी यांचा आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी हे गाव कुस्तीसाठी विदर्भात परिचित आहे. २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच देवळीत भरली आणि अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंड हिने किताब जिंकला. ही स्पर्धा तशी नवी. पहिली २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. गावोगावच्या मातीत खेळणारे पैलवान आणि गादीवर ठरणारे किताब, ही दुहेरी स्थिती आजच्या प्रत्येक मराठी मल्लाच्या वाट्याला येते.

माती आणि गादी यांतील अंतर बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटते. मातीत पाय रुततो, अंगावर माती चोळल्याने पकड बसते आणि निकाली कुस्तीत एकाची पाठ लागेपर्यंत लढत चालू शकते. तेथे दमसास व धीर यांना मोल असते. गादीवर पाय झपाट्याने सरकतो, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, गुण मोजले जातात आणि दहा गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. तेथे वेग आणि हिशेब यांना मोल असते. मातीतला मल्ल प्रतिस्पर्ध्याला दमविण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यात गादीवरचा मल्ल गुण घेऊन मोकळा होतो.

खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीत हा संघर्ष स्पष्ट दिसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोहोंशी त्यांची गाठ पडली आणि तरीही ते सहावे आले. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी ही उणीव भरून काढण्यात घालविली. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीने त्यांना चपळता व डाव दिले, गादीने त्या डावांना नियमांची चौकट दिली. एकीचा पाया घट्ट होता, म्हणून दुसरी चार वर्षांत साध्य झाली.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेने तर हे द्वैत आपल्या रचनेतच सामावून घेतले आहे. माती व गादी असे दोन विभाग स्वतंत्रपणे खेळविले जातात आणि दोन्हींचे विजेते अखेरच्या लढतीत समोरासमोर येतात. दोन विद्यांना एकमेकींत विरघळू न देता त्यांची गाठ घालून देण्याचा हा मार्ग विचार करण्यासारखा आहे.

कोणती जोडी निवडावी

या सर्व दाखल्यांवरून काही व्यवहारी निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की दोन विद्या जितक्या भिन्न, तितक्या त्या एकत्र शिकण्यास सोप्या. लाठी आणि जुदो यांची सहसा टक्कर होत नाही, कारण एकीत अंतर राखावयाचे असते व हातात काठी असते, तर दुसरीत अंगाला अंग भिडवावयाचे असते. शरीराला प्रसंग वेगळा कळतो आणि आज्ञाही वेगळी कळते. दुसरा निष्कर्ष असा, की अंगबांधणी करणारी विद्या कोणत्याही लढाऊ विद्येबरोबर चालते. मल्लखांब, योगासने, दोरीवरच्या कसरती या अशा विद्या होत. तिसरा, एकमेकींच्या अगदी जवळच्या दोन विद्या नवशिक्याने एकदम घेऊ नयेत. एकीत किमान दोन-तीन वर्षे घालवून मूलभूत उभे राहणे, पावले आणि बचाव अंगवळणी पडल्यावरच दुसरीकडे वळावे.

एखादी गोष्ट मात्र सर्वच विद्यांना उपकारक असते. जुदोच्या वर्गात फेकण्याआधी पडावयास शिकवितात: हनुवटी छातीशी, हाताचा सपाट आघात गादीवर, डोके वर. हे पडणे अंगी भिनले की ते कुस्तीत, मल्लखांबावर, इतकेच काय पण सायकलवरून घसरल्यावरही डोके वाचविते. एकाच वेळी दोन विद्या घेण्याचा हट्टच असेल, तर दुसरी म्हणून पडण्याची विद्या घ्यावी असे म्हणावेसे वाटते.

किती तास, किती विश्रांती

दोन वर्ग म्हणजे दुप्पट सराव आणि दुप्पट सराव म्हणजे दुप्पट प्रगती, हा हिशेब वाढत्या शरीराला मान्य नसतो. अमेरिकेतील लोयोला विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधकांनी सुमारे १,२०० बालखेळाडूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये एक सोपा निकष मांडला. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास जर तो आठवड्याला संघटित खेळाचा सराव करीत असेल, तर अतिश्रमाने होणाऱ्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन्ही वर्ग, शाळेचा खेळाचा तास आणि स्पर्धेची तयारी मिळून बारा तास ही कमाल मर्यादा समजावी. बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून किमान एक-दोन दिवस पूर्ण विश्रांतीचाही आग्रह धरतात.

याच हिशेबाने आठवडा आखता येतो. मुख्य विद्येला तीन दिवस दीड-दीड तास, पूरक विद्येला दोन दिवस एक-एक तास, आणि दोन दिवस विश्रांती. एकूण साडेसहा तास होतात आणि अभ्यासालाही वेळ उरतो. दोन्ही वर्ग शक्यतो एकाच दिवशी घेऊ नयेत. शिकलेली हालचाल रात्रीच्या झोपेत पक्की होते, आणि सकाळी एक व संध्याकाळी दुसरी असे केल्यास पहिलीला ती उसंत मिळत नाही. एकाच दिवशी घेणे भाग पडले, तर नवे डाव आधी, शरीर ताजे असताना शिकावेत आणि जोर-बैठका किंवा ताकदीचे काम शेवटी करावे.

विदर्भात हवामानाचाही विचार करावा लागतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शाळांना सुट्टी असल्याने शिबिरे याच काळात भरतात आणि हौसेने दोन-दोन शिबिरांत नावे घातली जातात. अशा वेळी सराव सूर्योदयाच्या सुमारास उरकणे, पाणी व मीठ-साखर यांकडे लक्ष देणे आणि चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटताच थांबणे आवश्यक आहे. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडण्याची जी प्रथा कुस्ती, जुदो व तायक्वांदो या तिन्ही खेळांत दिसते, ती मुलांच्या बाबतीत सर्वथा त्याज्य समजावी. दोन खेळांत दोन वेगवेगळे वजनगट गाठण्याचा प्रयत्न तर शरीराशी वैर करण्यासारखा आहे.

गुडघा, खांदा आणि मान ही तीन ठिकाणे विशेष जपावी लागतात. लाथांच्या विद्येत उभ्या पायाचा गुडघा वळतो, फेकींच्या विद्येत खांद्यावर आदळणे होते, कुस्तीत मानेवर जोर येतो. एका वर्गात झालेली दुखापत दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाला ठाऊक नसते, हा दोन वर्गांचा सर्वांत मोठा धोका आहे.

दोन गुरू आणि एक शिष्य

आपल्या परंपरेत वस्ताद बदलणे ही हलकी गोष्ट नव्हती. आजचा वर्ग शुल्क भरून चालतो, तरीही मर्यादा पाळणे शहाणपणाचे. दोन विद्या घेणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही शिक्षकांना ते प्रथमच सांगावे, एकीची पद्धत दुसरीच्या वर्गात वापरून दाखवू नये आणि एका शिक्षकाच्या चुका दुसऱ्याकडे बोलू नयेत. चांगला शिक्षक अशा विद्यार्थ्याला अडवीत नाही. उलट 'तिकडे सध्या काय चालू आहे' असे विचारून त्याप्रमाणे मेहनत कमी-अधिक करतो. विचारताच संतापणारा किंवा दुसऱ्या विद्येची टिंगल करणारा शिक्षक असेल, तर पालकांनी त्याची नोंद घ्यावी.

दोन वर्गांमागे पुष्कळदा प्रमाणपत्रांचाही हिशेब असतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि ग्रामीण व निमशहरी कुटुंबांसाठी तो फार मोठा आधार आहे. परंतु त्याचा लाभ कोणत्या खेळाला, कोणत्या स्तरावरील कोणत्या कामगिरीला आणि कोणत्या संघटनेच्या स्पर्धेला मिळतो, याचे नियम ठरलेले असतात. युद्धकलांत एकाच खेळाच्या नावाने अनेक संघटना चालतात, हे लक्षात घेता नावनोंदणीपूर्वीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करणे इष्ट. दोन विद्यांतील रंगीत पट्टे आणि जिल्हा पातळीची दहा पदके यांपेक्षा एका मान्यताप्राप्त खेळातील राज्य पातळीचे एक पदक अधिक मोलाचे ठरू शकते. खेळांची स्थितीही बदलत असते. कराटेचा समावेश २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये होता, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हता. उलट मल्लखांब, कळरीपयट्टू, गतका आणि थांग-ता या देशी प्रकारांना २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत स्थान मिळाले.

आत्मसंरक्षणाचा भ्रम आणि वास्तव

मुलींच्या बाबतीत दोन विद्यांचा आग्रह बहुधा काळजीपोटी धरला जातो. शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षण प्रशिक्षण हा तीन महिन्यांचा कार्यक्रम राबविला जातो. तीन महिन्यांत कोणतीही युद्धकला येत नाही. येतो तो थोडा धीर, आवाज चढविण्याचे बळ आणि दोन-तीन साध्या सुटका. तेवढेही कमी नाही. मात्र त्या अल्प काळात थोडे कराटे, थोडा जुदो, थोडी लाठी असे सर्व काही कोंबले, तर मुलीच्या हाती काहीच पक्के लागत नाही आणि आपल्याला सगळे येते असा भ्रम तेवढा पक्का होतो. हा भ्रम अज्ञानापेक्षा घातक आहे. मनगट सोडविण्याची एकच युक्ती पाचशे वेळा केलेली मुलगी, वीस युक्त्या पाच-पाच वेळा केलेल्या मुलीपेक्षा अधिक सुरक्षित असते. आणि पळून जाण्याची संधी मिळताच पळणे, ओरडून माणसे गोळा करणे ही आत्मसंरक्षणाची पहिली पायरी आहे, हे कोणत्याही विद्येच्या शिक्षकाने प्रथम दिवशी सांगावयास हवे.

वर्ध्यात १९३६ मध्ये ज्या स्त्रियांनी लाठी हाती घेतली, त्यांच्यासाठी तो काळ सोपा नव्हता. घराबाहेर पडून मैदानात उतरणे हेच मोठे धाडस होते. त्यांना लाभलेला क्रम आजही उपयोगी आहे: आधी शरीर, मग एक आयुध, मग दुसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोजचा नेम.

दसऱ्याला आखाड्यात शस्त्रपूजन होते तेव्हा लाठी, पट्टा, फरी, गदका ही सारी आयुधे एका ओळीत मांडली जातात आणि सर्वांना सारखेच गंध-फूल वाहिले जाते. त्यांच्यात लहान-मोठे कोणी नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यार्थी मैदानात येतो तेव्हा त्याला त्यांतील एकच उचलावे लागते. ते नीट हाती बसले, की दुसऱ्यासाठी हात आपोआप मोकळा होतो.